शीओक क्रीकचे पहिले पान

फिलोमावशी,

रविवारी तुझ्या सातव्या दिवसाची मिस्सा झाली. नंतर चर्चच्या हॉलमध्ये शॅरनने फुगे ठेवले होते. नारळाच्या दुधात भिजवलेल्या पिठाचे तेच गोल फुगे, तुझ्याच कढईत तळलेले. पण हात तुझा नव्हता, आणि ते जरा कडक झाले होते. लेकीने आईच्या मिस्सेला केलेले म्हणून सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ले. तू असतीस तर पहिलाच फुगा बोटांनी दाबून म्हणाली असतीस, "हे क्रिकेटवाल्यांना द्या गो, त्यांचा नवा बॉल वाचेल." तुझी खरी उणीव मला त्या क्षणी जाणवली. तू गेल्यावर आम्ही सगळे फार सभ्य झालो आहोत.

आज सोमवार. शुक्रवारी आपले पुस्तक लायब्ररीला द्यायचे आहे आणि त्याचे पहिले पान कोरे आहे. बाकीची एकशे बारा पाने तयार आहेत, टंकलेली, तपासलेली, बाटल्यांत भरून ठेवायच्या तुझ्या लाल बाटली मसाल्याच्या डागांतून सोडवून घेतलेली. पहिलेच तेवढे नाही, कारण त्या पानावरून आपले भांडण झाले आणि ते मिटायच्या आत तू गेलीस. दोघींच्या भांडणाचा निकाल एकटीने कसा लावायचा, हे तू मला शिकवले नाहीस. शॅरनला विचारले, तर ती म्हणाली, "यू डिसाइड, अनघा. मम्मी आणि तू, मी मध्ये पडत नाही." म्हणून तुलाच विचारायला बसले आहे.

आपली ओळख या पुस्तकामुळेच झाली. चार वर्षांपूर्वी आपल्या लायब्ररीने ठरवले की सिडनीच्या पश्चिमेच्या या शीओक क्रीकची कहाणी इथे म्हातारपणाला पोचलेल्या माणसांकडून, त्यांच्या त्यांच्या भाषेत, लिहून घ्यावी. मी तेव्हा शनिवारच्या वर्गात मुलांना मराठी शिकवत होते. मी मराठीत विचारायचे, मुले इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोन्ही बाजू समाधानी असायच्या. लायब्ररीतल्या हेलनने मला गाठले. "तुला मराठी लिहिता येते," ती म्हणाली, "आणि मिसेस फिलोमिनाला बोलायचे थांबता येत नाही. तुम्ही दोघी भेटा."

त्या मंगळवारी तुझ्या स्वयंपाकघरात मी अदबीने विचारले, "तुम्ही मूळच्या वसईच्या ना?" तू वळून आपल्याच पाठीमागे पाहिलेस. "तुम्ही कोण गो? मी एकटीच हाय हितं." तेव्हापासून तू 'तू' झालीस. मी फोन रेकॉर्डिंगला लावून ओट्यावर ठेवला, तो तू उचलून डाळीच्या डब्यात टाकलास. "त्याला वास येतो काय? मग त्याला काय सांगू? तू लिव." तू भाजत, परतत, वाटत बोलायचीस आणि मी लिहायचे. पुण्याच्या कॉलेजात कविता शिकलेल्या मला वाटत असे की गंधाविषयी मला थोडेफार कळते. तुझ्या ओट्याशेजारी बसल्यावर समजले की मला फक्त गंधाविषयीचे शब्द कळत होते.

तू या गावी आलीस ती एका गैरसमजाच्या बोटाला धरून. तुझा नवरा आधी येऊन घर पाहून गेला होता. त्याने पत्रात लिहिले की घर क्रीकजवळ आहे. वसईच्या मुलीच्या डोळ्यांसमोर जे उभे राहायचे तेच राहिले: रुंद खाडी, भरतीला डुलणाऱ्या होड्या, काठावर वाळत घातलेले बोंबील. तू सामानात मासे धरायचे जाळे घालून आणलेस. विमानतळावर त्या जाळ्याने कस्टमच्या साहेबांना अर्धा तास कामाला लावले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने तुला क्रीक दाखवली, इथे क्रीक म्हणजे नुसता ओढा, तर काँक्रीटच्या खोलगट पाटातून घोटाभर पाणी कसेबसे चालले होते. "मी त्याला म्हटलं," हे तू मला निदान सहा वेळा सांगितलेस आणि सहाही वेळा आधी स्वतःच हसलीस, "हिच्यात जाळं टाकू, की हिलाच जाळ्यात भरून घरी आणू?"

पण त्या पाटाच्या काठाला झाडे होती. बारीक, हिरव्या केसांसारखी पाने, आणि वारा आला की दूरवर समुद्र असल्यासारखा आवाज. तू वर पाहिलेस आणि रडलीस, कारण तो तुझ्या किनाऱ्यावरचा सुरूच होता, जरा वेगळ्या कुळीतला. इथे त्याला शीओक म्हणतात. गावाला नाव त्याच्यावरूनच पडले आहे. "पाण्यानं फसवलं, पण आवाजानं नाय," असे तू म्हणालीस, आणि मी ते वाक्य वहीत लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग आपण दोघी या गावाच्या मागे लागलो. तू लोकांना घरी जेवायला बोलवायचीस आणि मी त्यांच्या ताटाशेजारी वही घेऊन बसायचे. माल्टाहून लहानपणी आलेला म्हातारा जो, ज्याच्या बापाचा इथे कोंबड्यांचा फार्म होता, त्याने सांगितले की फार्मच्या आधी सगळीकडे संत्र्यांच्या बागा होत्या आणि सप्टेंबरात रेल्वे स्टेशनपर्यंत फुलांचा वास यायचा. "आणि कोंबड्यांचा?" तू विचारलेस. "तो बारा महिने," जो म्हणाला. पावसात ओढा चढून त्यांच्या पायऱ्यांना लागायचा आणि सकाळी पायरीवर मासा सापडायचा. महायुद्धानंतर बागा तोडून फायब्रोच्या, म्हणजे सिमेंटच्या पातळ पत्र्यांच्या, घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. पूर येतो म्हणून ओढा सरळ करून काँक्रीटमध्ये बसवला. पुढे शॉपिंग सेंटर आले, तेव्हा त्याचा मधला तुकडा पाइपात घालून कार पार्कखाली गाडून टाकला. जो हे हातवारे करून सांगत होता आणि तू त्याच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढत होतीस, जणू त्या गाडलेल्या तुकड्याची भरपाई तुलाच करायची होती.

वासांवरून तू काळ ठरवायचीस. संत्र्याची फुले, मग कोंबड्या, मग रविवारी अंगणात भाजलेल्या मटणाचा धूर. तू आलीस त्या सुमारास कोपऱ्यावर लेबनीज बेकरी निघाली होती; पहाटे तिळाचा आणि ओव्याच्या जवळ जाणारा कसलासा वास यायचा, आणि पोटुशी असलेली तू त्या एका वासावर नऊ महिने काढलेस. कढीपत्त्यासाठी तेव्हा ट्रेनने शहरात जावे लागे. मग शेजारच्या वेंटवर्थव्हिलच्या रस्त्यावर एक किराणा दुकान आले, मग चार, आता तिथून चालताना फोडणीचा ठसका लागतो. फायब्रोची घरे पडून त्या जागी जुळी दुमजली घरे उठली आहेत, अंगण गिळून बसलेली. तुझेच घर तेवढे जुन्या विटांचे, मागे केळीसह, हट्टाने उभे आहे.

आंटी जॉयकडे तू मला नेलेस. मी आपणहून गेले नसते. संकोच वाटला असता. ती इथल्या मूळ रहिवासी दारुग लोकांमधली, लायब्ररीत मुलांना गोष्टी सांगायला येणारी. सगळे तिला आंटी म्हणतात हे कळल्यावर तू म्हणालीस, "आमच्यात पण सगळ्या आंट्याच," आणि लायब्ररीच्या टेबलावर तिच्यासमोर फुग्यांचा डबा उघडून ठेवलास. मी प्रश्नांची यादी नेली होती. तू ती बाजूला सारून एकच विचारलेस, हे गाव सुरू कुठून झाले? आंटी जॉयने फुगा संपवला, बोटे पुसली, आणि इंग्रजीत म्हणाली, "संपलंय कुठे, डार्लिंग, सुरुवात विचारायला?" मग तिने सांगितले की तिच्या पणजीच्या माणसांना ओढ्याकाठून आधी हटवले गेले आणि नकाशा काढायला माणसे नंतर आली. आवाज न चढवता सांगितले. आणि सांगितले की ओढ्यातली वाम, ती सापासारखी लांब मासळी, मात्र कोणाला हटवता आली नाही. ती अजूनही काँक्रीटखालून अंधारात वाट काढत नदीला जाते, नदीतून समुद्राला. "वाम!" तू टेबलावर हात मारलास. पलीकडे अभ्यास करणारी दोन मुले दचकली. "आमच्या खाडीतली वाम!"

आता लग्नाच्या पाण्याविषयी लिहायला हवे. इथवर आले ते त्याच्याकडे येण्यासाठीच.

तीन वर्षांपूर्वी शॅरनच्या मुलीचे, अलिशाचे, लग्न ठरले. तुमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचे पाणी आणतात: बायका लुगडी नेसून, बाजा लावून, गात विहिरीवर जातात, विहिरीला मान देतात आणि कळशीतून आणलेल्या पाण्याने नवरीला न्हाऊ घालतात. इथे विहीर कुठली? शॅरन म्हणाली, "मम्मी, गार्डनचा टॅप इज फाइन. सगळे तेच करतात." तू ऐकेनास. "नळाला कसला गो मान? नळाला बिल असतं."

ती जागा तूच शोधलीस. शॉपिंग सेंटरच्या कार पार्कमागे, शीओकच्या झाडांखालच्या उतारावर, इथल्या जानेवारीच्या ऐन उन्हाळ्यात सगळे गवत पिवळे पडलेले असताना एक तुकडा हिरवागार होता, आणि मधोमध स्वच्छ पाणी गवतातून बुडबुडत वर येत होते. तू मला हाताला धरून तिथे नेलेस. तुझा आवाज मिस्सेतल्यासारखा खाली गेला होता. "बघ. गाडायला विसरले त्याला. हा ओढ्याचा झरा हाय." तू आंटी जॉयला फोन करून परवानगी मागितलीस. ती म्हणाली, "मी काय ओढ्याची सेक्रेटरी आहे? त्यालाच विचार." तू खरोखर विचारलेस, वाकून, मराठीत.

ती मिरवणूक मी विसरणार नाही. सोळा बायका, लाल-हिरव्या लुगड्यांत, ट्रॉल्यांच्या रांगांमधून गात चाललेल्या. पुढे तुझ्या दिराचा ट्रम्पेट, मागे ढोल. सिक्युरिटीचा गार्ड धावत आला.

"मॅम, परमिट आहे का?"

"लग्न हाय," तू म्हणालीस, मराठीतच.

त्याला काय समजले कोण जाणे. त्याने नवरीकडे पाहिले, ट्रम्पेटकडे पाहिले, आणि म्हणाला, "नो वरीज. फक्त ट्रक येतात त्या बाजूने जाऊ नका."

कळशी माझ्या हातात होती. मी तुमच्यातली नसूनही तू ती मला दिलीस, हे मी त्या दिवशी पुरते ओळखले नाही. आज ओळखते आहे. पाणी भरले, मी कळशी वर उचलली, आणि चेहऱ्याजवळ येताच तो वास आला. क्लोरीनचा. पोहण्याच्या तलावाचा, हॉस्पिटलच्या फरशीचा, नळाचा वास. झरा नव्हताच तो. जमिनीखाली कुठेतरी पाण्याचा पाइप फुटला होता. मी मान वर केली. तू ओली बोटे अलिशाच्या कपाळाला लावत होतीस, डोळे मिटून. मी काही बोलले नाही.

दोन आठवड्यांनी मी बसमधून पाहिले: तिथे केशरी जाकिटातले कामगार खणत होते. महिन्याभरात तो हिरवा तुकडाही पिवळा झाला. तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले होते, तू त्या बाजूला जात नव्हतीस. तुला माहीत नाही, असेच मी धरून चालले, आणि तुझ्यासाठी गप्प राहिल्याचे मनातल्या मनात थोडे श्रेयही घेतले.

मग या वर्षीचा तो मंगळवार. पहिले पान. मला पुस्तक जमिनीच्या पहिल्या कागदापासून, पहिल्या मोजणीच्या नकाशापासून सुरू करायचे होते. पुरावा असलेले, तारीख असलेले, कोणी बोट ठेवू शकणार नाही असे.

"कागदाच्या आधी हितं काय कोण जेवत नव्हतं?" तू म्हणालीस.

"तसं नाही मावशी. आंटी जॉयचं प्रकरण दुसरं आहेच ना."

"दुसरं! कागद आला तवर तिची माणसं हाकलून झाली होती. तू कागदानं सुरू केलंस, तर तू हाकलणाऱ्यांच्या पंगतीला बसलीस. पहिलं पान पाण्याचं. आमच्या अलिशाच्या पाण्याचं. पाणी त्यांचं होतं, त्यांना विचारून घेतलं, आणि हितं जन्मलेल्या पोरीला घातलं. हेच गाव. अजून काय लिवणार?"

तू बरोबर बोलत होतीस, हे मला त्याच वेळी समजले होते, आणि म्हणूनच मी चिडले. तुझ्यापुढे शिकलेपणाची माझी सगळी शाल एका वाक्यात उतरली होती. मी म्हणाले, "कसलं पाणी? फुटलेल्या पाइपाचं पाणी होतं ते! क्लोरीनचा वास मारत होता. मी त्याच दिवशी ओळखलं होतं. इतिहासाचं पुस्तक काय खोट्या झऱ्यानं सुरू करायचं?"

तू गॅस बंद केलास. कढईतले तेल निवत चालल्याचा आवाज मला ऐकू येत होता. "बरं," तू म्हणालीस. थोड्या वेळाने, खिडकीतून बाहेर बघत: "बस येईल तुझी."

त्यानंतर एकोणीस दिवस. दोन मंगळवार रिकामे गेले. मध्ये एकदा वेंटवर्थव्हिलच्या दुकानात तू मला दिसलीस. कोथिंबिरीच्या जुड्या एकेक उचलून तू हुंगत होतीस, आणि पसंत न पडलेली जुडी दुकानदाराच्या अंगावर टाकल्यासारखी परत ठेवत होतीस. मी पिठाच्या पोत्यांआड उभी राहिले. तू बाहेर जाईपर्यंत एका पाकिटावरची पोळ्यांची कृती वाचत राहिले. मला पोळ्या येतात, मावशी. तुला हाक मारता येत नव्हती.

आणि मग शॅरनचा फोन.

इथवर सोमवारी लिहिले होते. आज गुरुवार आहे.

शॅरन मघाशी आली होती, तुझ्या वह्या द्यायला. आम्ही चहा प्यायलो. मला राहवले नाही. मी तिला सगळे सांगितले, पाइप, वास, मी बोलले ते. ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तुझ्यासारखीच, आधी खांदे हलवत, हसायला लागली.

"अनघा, मम्मीला माहीत होतं!"

"कधीपासून?"

"तिथेच! उभ्या उभ्या! शी वर्क्ड ॲट द पूल कॅन्टीन फॉर इलेव्हन यर्स. तिला क्लोरीन कळणार नाही? घरी येऊन मला म्हणाली, पाइप फुटलाय वाटतं, पण कोणाला सांगू नको, पोरगी खूश आहे. आणि अनघाला तर नकोच, तिला वाटतंय झरा आहे."

पूलच्या कॅन्टीनची ती अकरा वर्षे माझ्याच अक्षरात आपल्या पुस्तकात आहेत, सत्तेचाळिसाव्या पानावर: ओले केस, गरम चिप्स, संध्याकाळी अंगाला येणारा क्लोरीनचा वास, जो तू लिंबाने घासून काढायचीस. मी ते सुंदर लिहिले होते. मला ते समजले मात्र नव्हते.

"लग्नानंतरच्या सोमवारी," शॅरन सांगत होती, "तिनेच पाणीवाल्यांना फोन केला. पाऊण तास होल्डवर! फोन स्पीकरवर ठेवून फुगे तळत होती. म्हणाली, पाणी वाया जातंय, आपलं काम झालंय."

म्हणजे ते केशरी जाकिटातले कामगार तू बोलावले होतेस.

जाताना दारात शॅरन थांबली. "आणि त्या दिवशी दुकानात तू लपली होतीस ना? मम्मीने पाहिलं तुला. मी म्हटलं, जाऊन बोल. तर म्हणे, राहू दे गो, लाजलीय ती. पीठ घेऊन येईल आपसूक."

मावशी, ती गेल्यापासून मी टेबलाशी बसून आहे. तीन वर्षे आपण दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट सांभाळत होतो. तुझा झरा मोडू नये म्हणून मी गप्प, माझा मोडू नये म्हणून तू. आणि त्या मंगळवारी एक वाद जिंकण्यासाठी मी ते जपलेले बाहेर काढले आणि तुझ्यावर फेकले. पाणी पाइपाचे होते हे ऐकून तू गॅस बंद केला नव्हतास. तू इतकी वर्षे ज्या मायेने गप्प राहिलीस, तसलीच माझी माया मी क्षणात वादासाठी वापरून टाकली, हे तू पाहिलेस. तरीही उत्तरादाखल 'मला ठाऊक होतं' एवढे तीन शब्द तू उच्चारले नाहीस. उच्चारले असतेस, तर वाद तू जिंकली असतीस. मी पीठ घेऊन आले असते का? आले असते, असे मला वाटते. पण 'वाटायचं ते पाट्यावर गो,' असे तू यावर म्हणाली असतीस, हे ठाऊक आहे.

क्षमा मागते आहे. आणि कळशी माझ्या हातात दिलीस, त्यासाठी तुझी ऋणी आहे. हे दोन्ही तुझ्या ओट्यापाशी, तुझ्या पाठीकडे बघत सांगायचे होते. समोरासमोर मला जमले नसते आणि तूही ऐकून घेतले नसतेस.

शनिवार. पुस्तक काल दिले.

पहिले पान तुझे आहे. कार पार्क, सोळा लुगडी, ट्रम्पेट, गार्ड, आंटी जॉयचा फोन, सगळे तू सांगितलेस त्याच क्रमाने. मी फक्त शेवटी दोन वाक्ये जोडली: "ते पाणी जमिनीखालच्या फुटलेल्या पाइपाचे होते. हे आम्हा दोघींना त्याच दिवशी कळले होते, आणि आम्ही ते एकमेकींना सांगितले नाही." दुसऱ्या पानावर आंटी जॉयची माणसे आहेत. जमिनीचा पहिला कागद सातव्या पानावर गेला आहे, त्याच्या जागी.

आज सकाळी हेलनचा फोन आला. तिने मी सोबत दिलेले इंग्रजी भाषांतर वाचले होते. तिचा आवाज फार काळजीपूर्वक होता. "पान सुंदर आहे," ती म्हणाली, "पण उपनगराचा इतिहास एका चुकीने सुरू होतो आहे, तो झरा खरा नव्हता. लोक नकाशा शोधतील. आपण हे मागे कुठेतरी घेऊ या का?"

मी म्हणाले, हेलन, या गावात आलेला प्रत्येक माणूस काहीतरी चुकीचे समजूनच आला. कोणाला ही जमीन रिकामी वाटली, कोणाला ओढा म्हणजे खाडी वाटली, कोणाला फुटका पाइप झरा वाटला. फरक इतकाच, की फिलोमावशीने पाणी घेण्याआधी विचारले, आणि चूक कळल्यावर फोन करून ती दुरुस्त करवली. असे पहिले पान या गावाला परत मिळायचे नाही. ते हलवायचे असेल तर बाकीची एकशे बारा पानेही मला परत पाठव.

हेलन म्हणाली, "हे तिच्यासारखं बोललीस."

पान राहिले आहे, मावशी. पहिल्यांदाच तुझ्या बाजूने भांडले. आवाज चढला, हात टेबलावर आपटला, समोरच्याचे म्हणणे अर्ध्यात तोडले. चांगली भांडले गो मी. तू ऐकायला हवी होतीस.